प्रक्षेपण मनोऱ्यापासून घरातल्या पडद्यापर्यंत : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण केंद्र म्हणजे नेमके काय? तिथे कार्यक्रम तयार होतात का?

सहसा होत नाहीत. कार्यक्रम तयार करणारे केंद्र वेगळे आणि तो कार्यक्रम हवेतून घरोघरी पोहोचवणारे केंद्र वेगळे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा स्टुडिओ आणि मनोरा ही दोन्ही कामे एकाच शहरात होत असल्यामुळे हा फरक लोकांच्या फारसा लक्षात येत नसे. पुढे १९८०च्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांत लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी एक लहानशी इमारत, आत प्रक्षेपक यंत्र, बाहेर आकाशाकडे तोंड केलेली मोठी छत्री, वीज गेल्यास लागणारे डिझेल जनित्र आणि एक लोखंडी मनोरा, एवढाच संसार असे. प्रादेशिक प्रक्षेपण केंद्र आलेला कार्यक्रम घेते, त्याला हवेत पाठवण्यायोग्य रूप देते, त्याची शक्ती वाढवते आणि मनोऱ्यावरच्या अँटेनातून सोडते.

प्रश्न : मग कार्यक्रम त्या केंद्रापर्यंत येतात कसे?

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. आषाढी एकादशीला पंढरपुरात पहाटे शासकीय महापूजा होते आणि तिचे थेट प्रक्षेपण सह्याद्री वाहिनीवर दिसते. पंढरपूर सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरवर आहे, पण ते दृश्य त्या वाटेने येत नाही. मंदिराजवळ उभ्या असलेल्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीवरून ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहाकडे जाते, तिथून वाहिनीच्या मुख्य केंद्रात उतरते, तिथे निवेदन, नाव-पट्ट्या आणि आवाज यांची जुळवाजुळव होते, आणि वाहिनीचा पूर्ण झालेला प्रवाह पुन्हा उपग्रहावर चढून देशभरातल्या प्रक्षेपण केंद्रांच्या, केबलचालकांच्या आणि घरोघरीच्या छत्र्यांवर येतो. काही ठिकाणी उपग्रहाऐवजी ऑप्टिकल फायबर वापरतात. भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास पाव सेकंद लागतो, म्हणून बातम्यांत दूरच्या वार्ताहराला प्रश्न विचारल्यावर तो क्षणभर नुसताच कानाला हात लावून उभा असलेला दिसतो.

प्रश्न : पूर्वी एका मनोऱ्यावरून एकच वाहिनी दिसत असे. आता तेवढ्याच जागेत अनेक वाहिन्या कशा मावतात?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

भारतात दूरचित्रवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) पट्ट्यात एका प्रक्षेपणाला ८ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा मिळते. जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या ६२५ ओळी जशाच्या तशा लहरींवर चढवल्या जात, आणि ती सगळी जागा एकच वाहिनी खाऊन टाकत असे. डिजिटल पद्धतीत चित्राचे आधी आकड्यांत रूपांतर होते. साध्या दर्जाच्या चित्राचे हे आकडे कोणतीही काटछाट न करता पाठवायचे म्हटले, तर सेकंदाला २७ कोटी बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे एकेरी आकडे, लागतात. एवढे ओझे कोणत्याच मनोऱ्याला झेपणारे नाही. पण वृत्तनिवेदक बोलत असताना त्याच्या मागची भिंत, टेबल आणि कोट प्रत्येक चित्रात तेच असतात. हलतात ते फक्त ओठ, डोळे आणि थोडीशी मान. आकुंचन करणारे यंत्र एक संपूर्ण चित्र पाठवते आणि पुढच्या चित्रांसाठी केवळ काय बदलले आणि काय कुठे सरकले एवढेच कळवते. शिवाय माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही, म्हणून रंगाची माहिती मुळातच कमी ठेवलेली असते. या सगळ्यातून त्या २७ कोटी बिटांचे काम सेकंदाला २० ते ३० लाख बिटांत भागते.

डीव्हीबी-टी२ या जमिनीवरच्या मनोऱ्यांसाठीच्या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीत ८ मेगाहर्ट्झच्या जागेतून, हवा किती स्वच्छ आहे आणि किती दूरवर पोहोचायचे आहे यानुसार, सेकंदाला ४ ते ५ कोटी बिटांपर्यंत माहिती पाठवता येते. आता भागाकार आपणच करून पाहावा. साध्या दर्जाच्या दहा-बारा वाहिन्या किंवा उच्च दर्जाच्या चार-पाच वाहिन्या त्यात आरामात बसतात. म्हणून डिजिटल मनोऱ्याबद्दल बोलताना ‘वाहिनी’ न म्हणता ‘वाहिन्यांचा गठ्ठा’ म्हणणे अधिक योग्य ठरते.

प्रश्न : त्या गठ्ठ्यातून आपल्याला हवी तीच वाहिनी कशी निवडली जाते?

सगळ्या वाहिन्यांची माहिती १८८ बाइटच्या छोट्या पुडक्यांत बांधून एकामागून एक रांगेने पाठवली जाते. सह्याद्रीचे एक पुडके, लगेच बातम्यांच्या वाहिनीची दोन, मग कुठल्या तरी वाहिनीच्या आवाजाचे एक, असा तो मिश्र प्रवाह असतो. प्रत्येक पुडक्यावर क्रमांक असतो आणि ठरावीक वेळाने एक यादीही पाठवली जाते, जिच्यात कोणत्या वाहिनीचे चित्र कोणत्या क्रमांकावर आणि आवाज कोणत्या क्रमांकावर आहे हे लिहिलेले असते. सेट-टॉप बॉक्स ‘चॅनेल शोधत आहे’ असे दाखवतो, तेव्हा तो ही यादीच वाचत असतो. केंद्राने यादी बदलली आणि आपण पुन्हा शोध घेतला नाही, तर वाहिनी हवेत असूनही घरात दिसत नाही. वाहिनी गायब झाल्याच्या पुष्कळ तक्रारी एवढ्याशा कामाने मिटतात.

रिमोटचे बटण दाबल्यावर चित्र यायला सेकंद-दोन सेकंद लागतात, त्याचे कारणही इथेच आहे. बॉक्सला पुढचे एक संपूर्ण चित्र येईपर्यंत थांबावे लागते. ‘काय बदलले’ एवढ्या माहितीवरून त्याला काहीच रंगवता येत नाही.

प्रश्न : हे आकडे हवेतून जातात तरी कसे?

डीव्हीबी-टी२ मध्ये सगळी माहिती एकाच जोरकस लहरीवर लादत नाहीत. ८ मेगाहर्ट्झच्या जागेत एकमेकींना खेटून हजारो बारीक वाहक लहरी सोडतात. सर्वांत दाट रचनेत त्यांची संख्या २७ हजारांवर जाते. प्रत्येक लहर अगदी सावकाश, साधारण साडेतीन मिलिसेकंदांत एकदा, आपली माहिती बदलते. सोलापूरच्या वाचकाला हे समजायला मागाकडे पाहणे पुरेसे आहे. चादरीचे उभे धागे हजारो असतात, नक्षीतला मोर त्या सगळ्यांवर मिळून उमटतो, आणि मधला एखादा धागा तुटला तर मोर नाहीसा होत नाही. इथेही प्रत्येक वाहिनीची माहिती मुद्दाम विस्कटून सर्व लहरींवर पसरलेली असते, आणि तिच्यासोबत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा आकडे पाठवलेले असतात. काही लहरी वाटेत खराब झाल्या तरी बॉक्स त्या जादा आकड्यांवरून हरवलेला भाग अचूक काढतो. हा अंदाज नसतो, गणित असते. दुरुस्त झालेले चित्र मूळ चित्राइतकेच तंतोतंत असते.

प्रश्न : पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या. आता चित्र एकदम गोठते किंवा चौकोन पडतात. असे का?

वर सांगितलेल्या दुरुस्तीला मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत संकेत कितीही अशक्त असला तरी चित्र निर्दोष दिसते, आणि मर्यादा ओलांडली की काहीच दिसत नाही. मध्ये चौकोन-चौकोन पडणारा जो भाग आहे तो फार अरुंद आहे. अ‍ॅनालॉगमध्ये संकेत कमी होत गेला की मुंग्या वाढत जात, आणि त्या मुंग्यांतूनही आपण क्रिकेट पाहत होतो. त्या मुंग्या गैरसोयीच्या होत्या हे खरे, पण त्या आगाऊ सूचनाही देत असत. डिजिटलमध्ये तशी सूचना मिळत नाही. आज चित्र स्वच्छ आहे एवढ्यावरून आपण कड्यापासून दहा फूट आत उभे आहोत की अगदी कडेवर, हे कळत नाही. म्हणून अँटेना बसवताना चित्र आले की हात झटकून खाली उतरणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. बॉक्सच्या मेनूमध्ये संकेताची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे असतात. त्यांतला गुणवत्तेचा आकडा महत्त्वाचा, आणि तो जास्तीत जास्त वर जाईपर्यंत अँटेना फिरवत राहणे हेच खरे काम.

प्रश्न : शेजारची उंच इमारत किंवा पाण्याची टाकी संकेत परावर्तित करते. त्यामुळे चित्रात सावली दिसेल का?

दिसणार नाही. जुन्या पद्धतीत टाकीवर आपटून उशिरा आलेली लहर पडद्यावर मूळ आकृतीच्या उजवीकडे फिकट सावली उमटवत असे. डिजिटल प्रक्षेपणात प्रत्येक संकेतापूर्वी थोडा वेळ राखून ठेवतात आणि त्या वेळात आलेले सगळे प्रतिध्वनी बॉक्स सामावून घेतो. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. राखीव वेळ २२४ मायक्रोसेकंद ठेवला, तर ६७ किलोमीटरचा जादा वळसा घालून आलेली लहरही चालून जाते. याच गुणामुळे दोन-तीन मनोरे एकाच वारंवारतेवर, उपग्रहाकडून मिळणाऱ्या अचूक वेळेनुसार, एकत्र चालवता येतात. घरातला बॉक्स दुसऱ्या मनोऱ्याची लहर हा पहिल्याचाच प्रतिध्वनी आहे असे समजतो.

प्रश्न : मनोऱ्याचा संकेत किती दूर पोहोचतो? तालुक्यांच्या गावांना मिळेल का?

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे प्रक्षेपकाच्या वॅटपेक्षा मनोऱ्याची उंची अधिक मोलाची. ढोबळ सूत्र असे : उंचीच्या मीटरमधील आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. मनोऱ्याचे आणि आपल्या अँटेनाचे अशी दोन्ही अंतरे काढून त्यांची बेरीज करावी. समजा, सोलापूर शहरात १५० मीटर उंचीचा मनोरा आहे आणि आपला अँटेना जमिनीपासून ९ मीटरवर आहे. पहिले अंतर सुमारे ५० आणि दुसरे सुमारे १२, म्हणजे एकूण ६२-६३ किलोमीटर. मोहोळ आणि अक्कलकोट या वर्तुळात सहज येतात, पंढरपूर अगदी काठावर येते, बार्शी थोडक्यात बाहेर राहते आणि करमाळा तर स्पष्टच बाहेर राहते. आपला प्रदेश बराचसा सपाट माळाचा असल्यामुळे हे गणित इथे चांगले लागू पडते; तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाची चढण सुरू होते, तिथे घाटमाथ्यावरच्या घराला उंचीचा फायदा मिळतो आणि डोंगराच्या आड असलेल्या वस्तीला काहीच मिळत नाही.

प्रश्न : आज सोलापुरात अँटेना लावून डिजिटल वाहिन्या दिसतील का?

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातून त्यांत मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही दोन शहरे होती. सोलापूर त्या यादीत नव्हते. मुंबई आपल्यापासून हवाई अंतराने साधारण ३५० किलोमीटर आणि संभाजीनगर २५० किलोमीटर आहे. वरचे सूत्र वापरले की अँटेना कितीही मोठा लावला तरी तिथले प्रक्षेपण इथे का मिळणार नाही हे स्पष्ट होते. देशभरातले अ‍ॅनालॉग प्रक्षेपकही, मोक्याच्या जागांवरील मोजके सोडून, २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाले. तेव्हा कोणी गच्चीवरचा अँटेना ‘डिजिटल’ म्हणून विकत असेल, तर तो कोणत्या मनोऱ्याकडे तोंड करून बसवणार, हा प्रश्न त्याला आधी विचारावा.

सोलापूरच्या घरांत डिजिटल वाहिन्या येतात त्या मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट केबलची. केबल सेवा डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूर होते आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्याच सुमारास घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. दुसरी वाट छत्रीची. तिच्यात खासगी कंपन्यांच्या सशुल्क सेवा आहेत आणि डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश आहे. आकुंचन, पुडकी, यादी आणि चुकांची दुरुस्ती या गोष्टी मनोरा, केबल आणि छत्री या तिन्ही वाटांवर सारख्याच तत्त्वाने चालतात. फरक फक्त शेवटच्या प्रवासाचा आहे.

सपाट माळावर पसरलेल्या, शेतातल्या वस्त्यांवर राहणाऱ्या जिल्ह्यासाठी जमिनीवरचा डिजिटल मनोरा ही फार उपयोगाची सोय ठरली असती, असे मला मनापासून वाटते. एका मनोऱ्याने एकाच वेळी हजारो घरांना पावसापाण्याची सूचना देता येते, आणि पाहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून मोबाईलच्या जाळ्यासारखी त्याची गती कमी होत नाही.

प्रश्न : फ्री डिशची छत्री सोलापुरात कोणत्या दिशेला लावावी?

बरोबर आग्नेयेला. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर असतो. सोलापूर सुमारे ७५.९ अंश पूर्व आणि १७.७ अंश उत्तरेवर आहे. त्यावरून दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजता १३४ अंश येते, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या जवळजवळ मध्यावर, आणि क्षितिजापासून उंची येते ६१ अंश. नवख्या माणसाचा घोटाळा या ६१ अंशांत होतो. तबकडीच्या समोर संकेत गोळा करणारा छोटा डबा, म्हणजे एलएनबी, मध्यावर नसून खालच्या कडेकडे बसवलेला असेल, तर ती दिसते त्यापेक्षा बरेच वर पाहत असते. म्हणून ६१ अंशांवर असूनही ती समोरच्या घराकडे तोंड केल्यासारखी वाटते. माळवदावर उभे राहून आग्नेयेकडे, डोक्याच्या दिशेने दोन-तृतीयांश वर पाहावे, आणि तिथे लिंबाची फांदी येत नाही ना एवढे तपासावे. आज न येणारी फांदी पावसाळ्यानंतर येईल, याचाही विचार करावा.

प्रश्न : जोराच्या पावसात छत्रीचे चित्र जाते, पण जुन्या एरियलचे जात नसे. असे का?

छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे असतात, त्यामुळे दाट सर आली की त्या लहरी शोषल्या आणि विखुरल्या जातात. मनोऱ्याच्या यूएचएफ लहरी ५० ते ६० सेंटिमीटरच्या असतात. थेंबांचा त्यांच्यावर परिणाम जवळपास होत नाही. सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात अधिक असतो, म्हणून छत्रीची बारीक जुळणी पावसाळ्याआधी करून घ्यावी. चार-पाच मिनिटांत सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. तेवढ्यात छत्री हलवू नये.

प्रश्न : घरात पडून असलेला जुना अँटेना डिजिटलला चालेल का?

अँटेनाला अ‍ॅनालॉग आणि डिजिटल हा भेद कळत नाही. त्याला फक्त लहरींची लांबी कळते. जिथे डिजिटल मनोरा आहे अशा गावात नातेवाइकांकडे तो न्यायचा असेल, तर तो यूएचएफचा आहे का ते पाहावे. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते, म्हणून त्या अँटेनाच्या मुख्य दांड्या वीतभर-हातभर असतात. व्हीएचएफचे, म्हणजे त्याहून लांब लहरींसाठीचे, चार-पाच फुटी दांड्यांचे जुने एरियल त्या कामाचे नाही. शिवाय जुन्या अँटेनाला चपटी, ३०० ओहमची वायर असे आणि आजचे बॉक्स ७५ ओहमची गोल केबल मागतात. दोन्हींच्या मध्ये बलून नावाचा छोटा जोड लावावा लागतो. तो न लावता वायर तशीच पिळून जोडली, तर बराचसा संकेत जोडावरूनच परत फिरतो.

प्रश्न : चित्र अडकते म्हणून बूस्टर लावावा का?

आधी केबल आणि जोड पाहावेत. माझ्या घरी एका उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार एवढ्याच वेळात वाहिन्या जात आणि संध्याकाळी परत येत. बॉक्स बदलला, एलएनबी बदलला, पैसे गेले आणि दोष तसाच राहिला. शेवटी गच्चीवरच्या पत्र्याला टेकलेल्या केबलचा जोड उघडला, तेव्हा आतली जाळी हिरवी पडलेली आणि मधली तार सैल झालेली दिसली. उन्हाने जोड फुलला की ती तार सुटत असे. सोलापूरचे चाळिशीपलीकडचे ऊन केबलचे आवरण दोन-तीन वर्षांत तडकवते, आणि त्या तडीतून पहिल्या पावसाचे पाणी आत शिरते. केबल शक्यतो सावलीच्या भिंतीवरून आणावी, जोडाला रबरी टोपी घालावी आणि बाहेरच्या भागात एकही मधला जोड ठेवू नये.

बूस्टर संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो. लांब केबलमध्ये होणारी घट भरून काढण्यासाठी तो अँटेनाजवळ लावला तर उपयोगी पडतो. टीव्हीमागे लावलेला बूस्टर वाटेत बिघडलेला संकेत फक्त मोठा करून देतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाईल सेवेकडे गेला आहे, त्यामुळे जवळच्या मोबाईल मनोऱ्याचा जोरकस संकेत जुन्या रुंद पट्ट्याच्या बूस्टरला भारून टाकू शकतो, आणि मग बूस्टर काढल्यावरच चित्र सुधारते.

प्रश्न : शेजारी षटकारावर ओरडतात आणि आमच्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो. दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. आकुंचन, पुडकी बांधणे, उपग्रहाची फेरी आणि बॉक्समध्ये पुन्हा चित्र जुळवणे या प्रत्येक टप्प्याला थोडा वेळ लागतो. छत्री, केबल आणि मनोरा यांत तो काही सेकंदांचा असतो. इंटरनेटवरून पाहणाऱ्याला अर्ध्या मिनिटापर्यंत मागे राहावे लागते. म्हणूनच टीव्हीवरच्या घड्याळावरून मनगटी घड्याळ लावू नये.

प्रश्न : वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना काय करावे?

बॉक्सची वीज आणि छत्रीची केबल, दोन्ही काढून ठेवावीत, आणि तीही विजा जवळ येण्यापूर्वी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण गच्चीवरून येणारी केबल जोडलेलीच राहते. अँटेनाचा किंवा छत्रीचा लोखंडी खांब जाड तारेने थेट जमिनीतल्या अर्थिंगला जोडलेला असावा, आणि तो खांब विजेच्या तारांपासून इतका दूर असावा की वाऱ्याने आडवा झाला तरी तारांना लागणार नाही. वीज चमकत असताना दिशा जुळवायला कोणीही गच्चीवर जाऊ नये.